कळवून येणारं भूत

दारावरची बेल गेममध्येच वाजली असं समजून मी श्वास रोखून गप्प बसलो. कानांवर मुलीचे हेडफोन, समोर तिच्या कॉम्प्युटरवरचं ओसाड इस्पितळ, आणि तिथे आवाज आला की लपायचं असतं. मी लपलो. बाहेर बायको दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन उभी. शेवटी तिचा फोन आला, "अहो, घरात आहात ना?"

या भुताच्या खेळाची सगळी गंमत संशयात आहे. बंद दार, कपाटामागची खुसखुस, हातात सेल संपत आलेली बॅटरी. तोवर अंगावर काटा असतो. मग भूत समोर येतं आणि खेळ तिथेच फसतो. दोनदा त्याच्या हातून मेलो की ते कुठे वळतं, कुठे थबकतं, सगळं पाठ होतं. ते सोसायटीच्या सेक्रेटरीइतकं ओळखीचं वाटू लागतं. शिवाय येण्याआधी संगीत बदलतं. म्हणजे बिचारं कळवून येतं.

घरात तशी सोय नाही. बायको आत आली, पिशव्या ठेवल्या आणि म्हणाली, "चहा टाकू?" आवाज गोड होता. मला तोच खटकला. तिने न सांगताच मी मटार सोलायला बसलो. स्वयंपाकघरात भांडं आपटलं तेव्हा जरा हायसं वाटलं, पण ते नुसतं हातातून निसटलं होतं.

संध्याकाळी राहवेना. "रागावली आहेस का?"

"छे."

"मग ओरडली का नाहीस?"

ती शांतपणे म्हणाली, "ओरडले असते, तर तुमची भीती गेली असती."