आत्याच्या बाटलीतला समुद्र

आत्या गेल्याची तार मला मुंबईच्या वसतिगृहात मिळाली. मी तापाने अंथरुणात होते, त्यामुळे सुतक फिटल्यावरच लोणावळ्याला पोचले. थेट कोठीच्या खोलीत गेले. दार लावलं की तिथे भर दुपारीही काळोख असतो. फळीवर आत्याची बाटली होती... घासलेली, रिकामी.

"समदं शिळं पानी वतलं, ताई," दारातून सोनाबाई म्हणाली. ती जवळच्या टाकवे गावची, आमच्याकडे कामाला असते. "सुतकातलं ठेवत न्हाईत. त्या बाटलीतलंबी वतलं. लय वास मारत हुती."

रीतच तशी. त्यात आत्याचा उजेड होता, एवढंच मी तिला सांगितलं.

त्या बाटलीत समुद्रातले उजेड देणारे सूक्ष्मजंतू होते. विधवा झाल्यावर शिकून शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आत्याने ते एका मासळीवरून उतरवून वर्षानुवर्षं जगवले होते. मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून ती त्यांच्यासाठी मासळीचं खारं पाणी उकळायची. आई म्हणायची, "वन्सं, निदान सोवळ्यात तरी नको." त्यावर आत्या, "पाहुणे खाऱ्या गावचे आहेत, वरणभात कसा चालेल?" सुट्टीत मला ती सूक्ष्मदर्शकातून, मी मुंबईहून आणलेल्या समुद्राच्या पाण्याचा थेंब दाखवायची. कुणी दांडीसारखे, कुणी ठिपक्यासारखे, कुणी काचेच्या डबीत राहणारे. "हे काचवाले उन्हावर जगतात, हवा ताजी करतात. हे बारीक आहेत ते मेलेलं सगळं विरघळवून पाण्याला परत देतात. त्यावर पुन्हा काचवाले वाढतात. समुद्रात मेलेलं वाया जात नाही." मग कोठीत नेऊन बाटली हलवायची. हवा मिसळली की निळसर उजेड वर चढायचा, तिची बोटं दिसायची. शेवटच्या भेटीत म्हणाली, "माझ्यामागे यांना तू जेवू घाल." तिने माझ्याकडे मागितलेलं तेवढं एकच...

दुसऱ्या दिवशी सोनाबाई स्टेशनवरून पानात गुंडाळलेला बोंबील घेऊन आली. "आत्याबाई ह्योच आणाया लावायच्या."

तो मी मिठाच्या पाण्यात बुडवून कोठीत ठेवला. पुढे त्याच्या अंगावर उजेडाचे ठिपके आले. आत्या करायची तसे ते उतरवून बाटलीत घातले. हे तिचे नव्हेत, हे मला कळतं. तरी हलवल्यावर त्या उजेडात माझी बोटं दिसली, आणि ती तिच्यासारखीच आखूड, गाठाळ आहेत हे मला पहिल्यांदाच दिसलं.

दाराबाहेरून सोनाबाईने हळूच विचारलं, "आत्याबाई आल्या का, ताई?"

मला ‘नाही’ म्हणवेना. बाटली खालून विझत चालली होती. मी ती पुन्हा हलवली.