जहागीरदाराची धाकटी

जहागीरदाराचा महाल पेटला, धाकटी मुलगी आत अडकली, आणि नेमकं तिथंच शेजारणीनं पुस्तक मिटलं. रोज दुपारी कांद्याच्या चाळीत आम्ही कांदा निवडतो आणि ती बोट चाटून पानं उलटत कादंबरी वाचते. माझी नात तिलाच चिकटून बसते. मी चौथी शिकलेली. मला ते बघवत नाही.

"पोरीला रडवतीस व्हय गं?"

"मावशी, उद्यापतूर दम धरा की!"

ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी शेवटचं पान अक्षरं लावून वाचलं. धाकटी मरते. नात रडेल, मग माझ्याकडंच येईल, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या पानावर शेजारीण थांबली. तिनं नातीच्या भरल्या डोळ्यांकडं बघितलं आणि मनानंच सांगितलं, "धाकटी खिडकीतनं उतरली."

मी तोंड उघडलं नाही. धाकटी जगली.