घरटी एक ढेप आणि न धरणारा चुना

गडहिंग्लजच्या वाटेवरच्या एका खेड्यातल्या नव्या हौदाचा गिलावा अखेर धरला. मी निघालो त्या सकाळी दस्तगीर गवंड्यांनी भिंतीवर नख ओढून पाहिलं आणि तसं सांगितलं.

खरं तर मी कोल्हापूरच्या महाराजांच्या मुलखातली गुऱ्हाळं पाहायला पुण्याहून निघालो होतो. मिरजेला गाडी बदलावी लागते. फलाटावर काही मिळेल या भरवशावर न राहता भाकरी बांधून घ्यावी. कोल्हापूर स्टेशनाबाहेर टांगेवाले भांडून सामान ओढतात, पण पुढच्या गावांना बैलगाडीच. कागलपर्यंत रस्ता बरा, नंतर चढ आणि धूळ.

मुक्काम पाटलांच्या सोप्यात होता. जेवायला भाकरी, तिखटजाळ रस्सा आणि ताजी काकवी. गुऱ्हाळाचं विचारलं, तर पाटील हौदाचंच बोलत राहिले. ओढा आटण्याआधी हौद भरायला हवा होता, नाहीतर उन्हाळाभर पाणी नदीवरून आणायचं. बांधकाम पुरं झालं होतं, पण आतला गिलावा पंधरवडा उलटला तरी हाताला चिकटत होता.

चुना बैलांच्या घाणीत दगडी चाकाखाली मळताना हिरड्याचं पाणी आणि थोडा गूळ घालतात. त्यानं चुना चिवट होतो, पाणी झिरपू देत नाही. गूळ जास्त झाला तर मात्र आळतच नाही. इथे घरटी गुळाची एक ढेप आली होती; कोणाचीच परत पाठवता आली नव्हती, म्हणून सगळ्या चुन्यात गेल्या होत्या. ज्याचा गूळ नाही त्याचा हौद नाही, असंच सगळे धरून चालले होते.

"चुना हाय का शिरा?" दस्तगीर हौदाच्या काठावरून ओरडले. "सगळं खरवडून परत मळतो. पर गूळ एकच मडकं."

"कुणाचा?" तानूबाईंनी विचारलं. त्या म्हाताऱ्या, घरात एकट्या; नदीची वाट त्यांना झेपणारी नव्हती. "माझी ढेप बारकी, तीच ठेवशीला बाजूला. मग म्हणशीला, म्हातारे, तुझं काय हाय हौदात?"

"कोण म्हणतंय, मावशे?" पाटलांनी विचारलं.

"आज न्हाय म्हणत. पाणी कमी पडलं की म्हणतील की!"

दस्तगीरांनी चुन्याचे हात पुसले.

"गुऱ्हाळाची काहील आणा," ते म्हणाले. "घरटी परत एक ढेप घ्या, समद्या एकात वितळवा. त्यातलं मडकंभर मी घेतो. सांगा मग, कुणाचा गूळ ऱ्हायला?"

दुसऱ्या दिवशी ती अवाढव्य कढई चुलीवर चढली. तानूबाईंनी आपली ढेप स्वतःच्या हातानं टाकली आणि माझ्याकडे वळल्या. "पावणं, बघितलं न्हवं? ध्येनात ठेवा." उरलेल्या पाकात शेंगदाणे घालून गावभर वड्या वाटल्या. नवा गिलावा चढला, त्यावर ओली तरटं पडली आणि माझा दोन दिवसांचा मुक्काम आठवड्यावर गेला.

पुण्यात परतल्यावर जो तो गुऱ्हाळांचं विचारतो. मला हौदाचंच सांगावंसं वाटतं. गुढीपाडव्याला ओढ्याचं पाणी त्यात सोडायचं ठरलं आहे. तोवर ओढा टिकेल असं पाटलांना वाटतं, दस्तगीर तापलेल्या आभाळाकडे बोट दाखवतात. पहिली घागर कोणी भरायची, यावर गावात अजून बोलणं झालेलं नाही. मी निघालो तेव्हा तानूबाई आपली घागर घासत बसल्या होत्या.