वर्लिनने गाडीतून काय काय काढलं

आमच्या ड्राय फोर्क गावात त्या उन्हाळ्यात कुजबुज होती, की गाडी हलकी करायच्या नादात वर्लिन टॅकेटने बायकोलाही घराबाहेर काढलं. मी ती पसरवली नाही. केशकर्तनाच्या दुकानात, पेट्रोल पंपावर आणि चर्चच्या पायरीवर एकेकदा बोललो, एवढंच.

वर्लिनची एकोणसत्तर सालची शेव्हेल गाडी. इंजिन असं, की सुरू झालं की माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबत. पण पाव मैलाच्या सरळ शर्यतीत दरवर्षी कर्टिस मेब्री त्याला नाकाच्या शेंड्याएवढ्या अंतराने हरवायचा, आणि पुढचं वर्षभर त्याची आठवण करून द्यायचा. टेनेसीत जन्माला येऊन वर्लिनला एकच हवं होतं : आपल्या शेव्हेलने एकदा कर्टिसला मागे टाकावं.

"इंजिनात आता काही उरलं नाही," तो म्हणाला. "आता वजन."

आणि काय हात होता हो त्या माणसाचा! मागचं बाक, हीटर, रेडिओ तर कुणीही काढेल. पण आवाज दाबायला कंपनीने तळाला चिकटवलेलं डांबर निघेना, तेव्हा त्याने त्यावर कोरडा बर्फ पसरला आणि लाकडी हातोडीने असं हळुवार ठोकलं, की डांबर काचेसारखं तडकून सुटलं. पत्र्यावर ओरखडा नाही. दारांना आतून भोकं पाडली, तीही अशी, की जोर पेलणारं लोखंड शाबूत.

दर शनिवारी तो पशुखाद्याच्या गिरणीतल्या ट्रकच्या काट्यावर गाडी चढवायचा, खाली उतरायचा आणि आकडा वाचायचा. कोलाच्या बाटलीत खारे शेंगदाणे टाकून पीत आम्ही बघायचो.

"वर्लिन, सकाळच्या बिस्किटांनाही भोकं पाडतोस का रे?" कर्टिस ओरडायचा.

"पाडतो ना. ग्रेव्ही आत मुरते." आमच्याकडे बिस्किट म्हणजे मऊ पाव, त्यावर घट्ट ग्रेव्ही ओतून नाश्त्याला खायचा.

एका शनिवारी त्याची बायको ओलेटा खाद्य न्यायला आली. चिमणीएवढी बाई, पण जीभ ससाण्याची. नवरा उतरताना बघून म्हणाली, "उतरून काय वाचतोस? शर्यतीत गाडीमागून धावत जाणार आहेस?"

गिरणी हसली.

"बस आत. मी वाचते."

तो बसला. काट्याची दांडी ताडकन वर उडाली. ओलेटाने आकडा खणखणीत वाचला. उन्हाळाभर खपून गाडीतून जेवढं काढलं होतं, त्याहून जास्त एका दमात परत आत बसलं होतं.

पुढच्याच आठवड्यात ओलेटा बॅग घेऊन बसमध्ये चढली. "वहिनी कुठे गेल्या?" विचारलं तर वर्लिन म्हणे, "बहिणीकडे." बाकीचं मी भरलं.

सप्टेंबरातल्या सुट्टीच्या शर्यतीला शेव्हेल कर्टिसच्या शेजारी उभी राहिली. हिरवा दिवा लागला, तिची पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली, आणि कर्टिसला पहिल्यांदाच तिचा मागचा दिवा दिसला. कुंपणाशी कुणीतरी माझा दंड करकचून धरला होता. वळून बघतो तर वर्लिन! डोळे भरलेले, हनुवटीला ग्रेव्ही.

ओलेटाला कुणी काढलं नव्हतं. ती बहिणीच्या गावी, बहिणीच्या नवऱ्याच्या गाडीवर शर्यतीत गाडी पळवायला शिकत होती. वर्लिनने गाडीतून शेवटी काढलं ते स्वतःला.