थोरली पाती, धाकटी पाती

डॉ. सुमतीबाई खांबेटे यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात जे जे लिहीत आहेत, त्यांत बाईंना सगळ्यांत आधी भेटलेली मी आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पुण्याहून कार्डिफला शिकायला आले तेव्हा तिथे इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी माझं नाव विचारलं, फ्रेंच किती येतं ते विचारलं, आणि माझा पातळ स्वेटर बघून त्याच दुपारी जुने कपडे विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये नेऊन जाड कोट घेऊन दिला. कितीतरी वर्षं मला वाटायचं, हे त्यांनी फक्त माझ्यासाठी केलं. पुढे कळलं, प्रत्येक नव्या मुलीला त्या पहिल्या हिवाळ्यात कोट घेऊन देतात. चांगलीच गोष्ट आहे. मला मात्र आवडली नाही.

बाईंनी उभं आयुष्य फ्रान्समधल्या लुआर नदीकाठच्या व्हालब्राँ या मध्ययुगीन सरदार घराण्याची वंशावळ लावण्यात घालवलं. आपली घराणी सोडून ही परकी कुळं कशाला, असं इथल्या महाराष्ट्र मंडळातले लोक विचारत. भाऊबंदकी कुठलीही असो, मला वाचता येते, असं त्या शांतपणे सांगत. त्यांचं मोठं संशोधन दोन बहिणींबद्दल आहे. शेवटच्या सरदाराला मुलगा नव्हता. थोरली आलिक्स, धाकटी झान. जुन्या कागदपत्रांत राजापुढे वाकून जहागिरीची शपथ घेताना फक्त आलिक्स दिसते, म्हणून झानला काहीच मिळालं नाही असं सगळे धरून चालले होते. बाईंनी दाखवून दिलं की झानकडे तिच्या वाट्याची गावं होती. तिकडची रीतच तशी. दोघींच्या वतीनं थोरलीनं वाकायचं; धाकटीनं आपला वाटा बहिणीकडून घ्यायचा आणि कुणापुढेच वाकायचं नाही. आपल्याकडच्या थोरल्या पाती, धाकट्या पातीसारखंच.

रिया आली ती अगदी अलीकडे. ग्लासगोत जन्मलेली, हुशार, आणि गोड बोलते हो! वंशावळीच्या तिच्या पहिल्याच तक्त्यात तिनं झानला लहानपणीच मारून टाकलं होतं. खोटं कशाला बोलू, मला आत कुठेतरी बरं वाटलं. माझ्या वेळी बाई कागद परत देत आणि "पुन्हा" एवढंच म्हणत. रियासाठी त्यांनी आलं घालून चहा केला आणि दुपारभर समजावत बसल्या. "सॉरी बाई, माझा चूक झाला," असं ती म्हणाली तर बाई खळखळून हसल्या. मी तिथेच होते. मला चहा विचारायचं राहून गेलं.

मग बाईंची नजर अधू झाली. वंशावळीचा दुसरा खंड कुणाच्या हाती द्यायचा, हा प्रश्न आला. आता मी ब्रॅकनेलला आयटीत नोकरी करते. पण वीसेक वर्षं शनिवारी ट्रेननं कार्डिफ गाठून बाईंचे तक्ते मीच लावले आहेत. तो खंड माझाच, यात मला तरी शंका नव्हती. दिवाळीच्या जेवणाला बाईंनी सर्वांसमोर सांगितलं की संपादक रिया. धाकट्या शाखेची प्रकरणं मी लिहायची.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला घेतली. बाई मागोमाग आल्या.

"राग आलाय?"

"नाही हो बाई."

"मग त्या पातेल्यानं काय केलंय तुझं?"

मी दुसरं पातेलं उचललं. त्या म्हणाल्या, "ग्रँटसाठी अर्ज, कमिट्या, प्रकाशक, सगळ्यांपुढे रियाला वाकावं लागेल. तुझ्या प्रकरणांना कुणी हात लावणार नाही. मीसुद्धा."

"पण मुखपृष्ठावर नाव तिचंच ना?"

"हो. तिचंच."

त्यांनी खोटा धीर दिला नाही. टॉवेल घेतला आणि मी घासलेली भांडी एकेक करून पुसली. बाईंच्या मूल्यांबद्दल लिहा असं या गौरवग्रंथाच्या संपादकांचं पत्र आहे. माझ्याकडे एवढंच आहे.

माझी प्रकरणं चांगली उतरली आहेत. जळफळाट मात्र गेलेला नाही, आणि गौरवग्रंथात तो लपवला तर बाई "पुन्हा" म्हणून लेख परत पाठवतील.

वारशाच्या कायद्याचं एक जुनं तत्त्व आहे, इथलं आणि फ्रान्समधलंही: जिवंत माणसाला वारस नसतो. तेव्हा बाई, डोळ्यांत थेंब वेळेवर घाला, गुडघ्यांचा व्यायाम चुकवू नका आणि ठणठणीत राहून शंभरी ओलांडा. तुम्ही आहात तोवर रिया तुमची वारस नाही आणि मीही नाही. आम्ही दोघी तुमच्या नुसत्या विद्यार्थिनी.