टीव्ही वाढवा

दुपारचं जेवण झालं की मी आरामखुर्चीत बसतो आणि टीव्ही मला झोपवण्यासाठी भांडायला लागतो. आज सहा माणसं सहा चौकटींत बसून एकाच वेळी देश वाचवत आहेत. रिमोट सोफ्याने गिळलाय. तसा या टीव्हीला रिमोट लागतच नाही. आपण बोललेलं तो ऐकतो, असं सांगून आमचा मुलगा मंदार तो भिंतीवर लावून बंगलोरला परत गेला. ऐकतो हे खरं आहे. या घरात एवढं लक्ष देऊन माझं कुणी ऐकल्याला बरेच दिवस झाले. 'बंद' म्हणायला मी तोंड उघडतो, पण त्याआधी डोळे मिटतात.

"पान वाढू का?" कुमुद स्वयंपाकघरातून विचारते.

कुमुद, म्हणजे माझी बायको, गेल्याला दोन वर्षं होत आली. हे मला झोपेतही आठवतं, पण जेवायच्या वेळी असले विषय काढू नयेत. नुकताच जेवलोय हेही मी सांगत नाही.

"वाढ," मी म्हणतो.

टीव्हीचा आवाज वाढतो.

"अहो, तो टीव्ही वाढवा आधी," ती म्हणते.

टीव्ही आनंदाने ओरडतो.

इथे जरा खुलासा हवा. कुमुद कराडच्या कासाराची मुलगी. वडिलांचं बांगड्यांचं दुकान. त्यांच्या घरात बांगडी फुटत नसे, वाढत असे. दुकानही संध्याकाळी बंद होत नसे, वाढवलं जाई. 'बंद' हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. टीव्हीसुद्धा ती वाढवायलाच सांगायची. जुना टीव्ही बटणाचा होता, त्याचा गैरसमज होत नसे.

आता माझं ताट त्याच दुकानातल्या काचेच्या कपाटावर आहे. चारी बाजूंना बांगड्यांचे खोके, मधे टीव्ही टांगलेला. देशाची परिस्थिती गंभीर झाली की हिरव्या बांगड्या किणकिणतात.

"आमटी वाढू?"

"थोडी."

टीव्ही मात्र थोड्यावर थांबत नाही.

मी 'बंद' म्हटलं तर तो लगेच गप्प होईल, हे मला ठाऊक आहे. आणि त्याच्याबरोबर हे दुकान, आमटी आणि कुमुदही बंद होईल, हेही ठाऊक आहे. कसं ते विचारू नका. शाळेत गणिताच्या पेपरात फक्त शेवटचं उत्तर माहीत असायचं, तसं आहे हे. म्हणून मी भात कालवतो.

"काय म्हणालात?" ती ओरडते.

"काही नाही म्हणालो!"

"मग ठीक. ते धुण्याचं मशीन जमतं का तुम्हाला?"

"कपडे धुऊन झाले की गाणं म्हणतं ते."

"कशाबद्दल?"

"धुऊन झाल्याबद्दल."

"मी जन्मभर धुतले. मला नाही सुचलं कधी."

दुकानाला आता फलाट फुटलेत. कराडचं एसटी स्टँड आहे. आम्ही बाकावर बसलोय, ताट माझ्या मांडीवर, आणि कर्ण्यातून तीच सहा माणसं गाड्यांची नावं सांगताहेत. प्रत्येक गाडीला इतर पाच जणांचा विरोध आहे. कुमुद कान झाकून माझ्याकडे बघते; तिच्या बांगडीत नेहमीसारखी सेफ्टी पिन अडकवलेली आहे.

"माझी मालिका चालू असली की बारीक कर, बारीक कर म्हणून पिच्छा पुरवायचात. आणि आता हे चालतंय?"

"आवडायला लागलंय मला."

"खोटं."

"उलटसुलट मतं कानावर पडावीत माणसाच्या."

"तुमच्या? माझं एक मत कधी पडलं नाही ते?"

मी चेहरा कोरा ठेवून भात खातो. या कलेवर मी चाळीस वर्षं पोट भरलंय. तिला मात्र तो चेहरा कधी फसवू शकला नाही.

"मी जाईन म्हणून गप्प बसलाय ना?"

कर्ण्यात एवढा गोंधळ आहे की ऐकू आलं नाही असं सहज दाखवता येईल. मी दाखवतो.

ती माझ्या कानाशी वाकते. "बाबा म्हणायचे, उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवलं म्हणून गिऱ्हाईक येत नाही. उंदीर येतात."

"येऊ देत की," मी म्हणतो. "मला सवय आहे."

"मला नाही. आणखी भात?"

"हो."

ती वाढते. कर्णा फाटेल असं वाटतं. मी तो भात एकेक शीत करून खातो. बाकावर तसा नियम नाही, पण घाईही नाही. ती ताट रिकामं होईपर्यंत थांबते, पदराला हात पुसते आणि कर्ण्याच्या मागे जाते.

"अगं, ताक राहिलं," मी म्हणतो.

हे एवढं वाक्य खोलीत स्वच्छ ऐकू येतं, कारण खोलीत दुसरा आवाजच नाही. मी आरामखुर्चीत आहे. ऊन खिडकीच्या गजांवर आलंय. टीव्ही काळा. त्याचा प्लग भिंतीतून काढलेला आहे, वायरची नीट गुंडाळी केली आहे, आणि ती सुटू नये म्हणून तिला एक सेफ्टी पिन लावली आहे.

दाराची कडी आतून आहे, ती मी पाहून आलो. मंदारचा फोन आला तेव्हा त्याला टीव्ही उत्तम चाललाय असं सांगितलं.

पिन जराशी वाकडी आहे, वापरातली. ती मी काढलेली नाही.