तीन तासांवरचा गणपती

सिडनी ते ऑकलंड विमानाने साधारण तीन तास. हे मला पाठ आहे, आणि ज्याने कुणी ही दोन गावं इतकी जवळ ठेवली त्याचा मला राग आहे. मुलगा सिडनीला, मुलगी ऑकलंडला आणि आम्ही म्हातारा-म्हातारी रोह्याला.

त्या वर्षी मुलाचा फोन आला. "आई, गणपतीला जमत नाही गं. मध्ये सिंगापूरला विमान बदलायचं, नुसत्या येण्याजाण्यात दोन दिवस मोडतात. एवढी रजा नाही." मी बरं म्हटलं. यांनीही धाटावच्या कंपनीत सणासुदीला शिफ्ट केल्यात. रजा नसणं म्हणजे काय, ते आमच्या घराला शिकवायला नको.

आमचा गणपती पेणचा. घरचा पाट आधी कारखान्यात नेऊन द्यायचा, मूर्ती त्याच पाटावर बसते. मी पाट घेऊन गेले तर मूर्तिकाराची बायको हसत म्हणाली, "काकी, तुमचा एक बाप्पा तर कवाच बोटीनं गेला. लेकीनं मागवला ना ऑकलंडला? भाऊ पन येनार हाय म्हनाली."

मी पाट मांडीवर घेऊन तिथेच रंगाच्या डब्यावर बसले.

म्हणजे रजा होती. बहिणीपुरती होती, आईपुरती नव्हती. आमच्यात चूल वेगळी झाल्याशिवाय गणपती वेगळा होत नाही. इथे भांडण नाही, वाटण्या नाहीत, आणि माझा गणपती वेगळा झाला! तोही पोटच्या पोरीने केला. जावेचा हेवा वाटला तर चार बायकांत बोलता तरी येतं. लेकीवर जळायचं तर सांगायचं कुणाला?

यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगो, भावंडं भेटतायत, आनंद मान." मानला असता. पण लहानपणी याच दोघांना एका ताटात वाढलं की मारामाऱ्या व्हायच्या, आणि आता समुद्र ओलांडून एकत्र मोदक!

चतुर्थीला आमची दुपारची आरती आणि त्यांची संध्याकाळची एकाच वेळी झाली. फोनवर सगळं दिसत होतं. पोरगा पितांबर नेसून पुढे उभा, जावई टाळ वाजवत होता, तोही बेताल. मी आमच्या बाप्पापुढे हात जोडले आणि मनातल्या मनात स्पष्ट मागितलं, या दोन विमानतळांमधलं अंतर वाढव.

"आई, काय मागितलंस?" लेकीने विचारलं.

"तुमचं भलं. तू?"

"दादाला इकडेच नोकरी लागू दे म्हटलं."

दोन्ही मूर्ती एकाच कारखान्यातल्या, डोळेही एकाच हाताने रंगवलेले. ऐकलं मात्र तिच्या बाप्पाने. आता दोघं ऑकलंडला एकाच रस्त्यावर राहतात, विमानही लागत नाही. पेणला पाट अजून मीच घेऊन जाते.